केळीकडचा कोपरा

चैत्र सरत आला की मी भिंतींकडे बघायला लागते. धुळ्यातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली मुरुमाची टणक जमीन. भिंतींना काही व्हायचं कारण नाही. तरी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासता तपासता नजर उठते आणि खिडकीच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ तर नाही ना, हे पाहून येते. नवरा म्हणतो, "बाईसाहेब, ही काही तुमच्या असोद्याची काळी माती नाही." मला ते माहीत आहे. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ज्या उन्हाळ्यात मी माहेरघराचा पाया उघडा पाहिला, त्या उन्हाळ्यानंतर माझं असं झालं आहे.

आमच्याकडचं ऊन सांगून कळत नाही. जळगावला बसमधून उतरलं की डांबर चपलेतून वर येतं. असोद्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि बागांच्या पश्चिमेला बांधावर हिरवी जाळी नाहीतर जुन्या साड्या ताणून बांधलेल्या. आम्ही तोंडाला रुमाल बांधतो, तशा बागाही तोंड बांधून उभ्या असतात. आणि जिथं पाणी नाही, नुसती कपाशीची रिकामी वावरं आहेत, तिथं जमीन उलते. एवढ्या रुंद भेगा पडतात की लहानपणी माझा एक पैंजण एका भेगेत गेला तो गेलाच. मी पालथी पडून हात घालत होते, तर माय शांतपणे म्हणाली, "राहू दे व. मिरगात मिटीन तिचं तोंड." मृग आला, तोंड मिटलं, पैंजण आतच राहिला. काळी माती उन्हात आकसते, पावसात फुगते, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. वावरातल्या मातीचा स्वभाव आम्हाला तोंडपाठ असतो. तीच माती आपल्या चुलीखालीही आहे, हे मात्र आम्ही सोयीनं विसरतो.

घर बांधलं तेव्हा मी तिसरीत होते. माझे वडील, नाना, कालव्याच्या कामावर मुकादम होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या वावरात पाणी नेलं आणि मग गावाच्या टोकाला स्वतःचं घर बांधायला काढलं. आजूबाजूची घरं तेव्हा धाब्याची, मातीच्या छताची. आमचं चार खांबांचं, काँक्रीटच्या पायाचं. पायाच्या कामाला नानांनी ठेकेदार लावला नाही. रेतीची बैलगाडी आली की मूठभर रेती घेऊन ते अंगावरच्या पांढऱ्या धोतराला पुसायचे. धोतर मळलं तर गाडी तशीच्या तशी परत. पसंत पडलेली रेतीही टिपात, म्हणजे पत्र्याच्या पिंपात, धुवून घ्यायची, हा त्यांचा कायदा. धुवायला मी आणि माय. दिवसभर पाण्यात हात घालून माझी बोटं म्हाताऱ्या बाईसारखी सुरकुतली होती आणि मी ती शाळेत सगळ्यांना दाखवत हिंडले होते.

पुढं चाळीस-बेचाळीस वर्षं त्या पायाचं कौतुक आम्ही ऐकलं. पाहुणा पाणी प्यायच्या आधी पायाची गोष्ट ऐकायचा. माझं लग्न ठरवायला मंडळी आली तेव्हासुद्धा नानांनी मुलीचं शिक्षण सांगायच्या आधी पायाची खोली सांगितली. माय आतून म्हणाली होती, "पोरगी दाखवा आधी, पाया कुठी पयून जातो?" सासरची मंडळी अजूनही ते वाक्य काढून हसतात.

आता केळीचं सांगते. केळीच्या मुलखात मोरीचं पाणी गटारीला सोडणं म्हणजे भाकरी उकिरड्यावर टाकण्यासारखं. ज्या घरामागं मोरी, त्या घरामागं चार केळी, हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम. राहायला आल्यावर मायनं पहिल्याच आठवड्यात खुरप्यानं चर ओढला, मोरीचं पाणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी नेलं आणि भावकीतल्या बागेतून दोन कंद आणून तिथं पुरले. नानांचं आणि तिचं त्यावरून वाजलं. पायाशी पाणी नको, म्हणून नाना हटून बसले. कमरेला पदर खोचून, चिखलाच्या हातांनी मायनं जे उत्तर दिलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. "दोन तांबे पान्यानं तुमचा पाया वाहून जाईन का? कालवा बांधनाऱ्याले पान्याचं भेव!" बायका हसल्या, नाना आत गेले, केळी राहिल्या.

आणि चांगल्या राहिल्या. सत्यनारायणाला खुंट आमच्याकडून, जेवणावळीला पानं आमच्याकडून, बाळंतिणीच्या घरी पहिला घड आमचा. एक झाड घड देऊन पडलं की बुडाशी दुसरं पील उभं असायचंच. पुढं गावात गटार झाली, मोरीची नळी तिकडं जोडली गेली, तरी माय तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी तिथंच ओतायची. ती गेली तेव्हा केळी पाच होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा हिरवा उजेड ओट्यावर पडायचा, त्या उजेडात माझ्या मायचे हात मला अजून दिसतात.

माय गेल्यावर नाना एकटे राहू लागले. हळूहळू खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरपी चीर निघाली. नाना दर दिवाळीला ती सिमेंटनं बुजवत, उन्हाळ्यात ती परत तोंड उघडी. मागचं दार पावसाळ्यात लागेना आणि उन्हाळ्यात आपोआप उघडू लागलं. मग एकदा पुण्याहून माझा धाकटा भाऊ दिनू आला, आणि चिरेत त्याची चार बोटं गेली. तो घाबरला. त्यानं फोटो काढून कुणा इंजिनिअर मित्राला दाखवले आणि फर्मान काढलं की मृगाच्या आत पाया दुरुस्त होऊन घर भक्कम आहे अशी खात्री पटली तर ठीक, नाहीतर नानांनी पुण्याला यायचं, कायमचं.

नाना एकदा आठ दिवस पुण्याला राहून आले होते. चौथा मजला. आल्यावर मला म्हणाले, "सुमे, सकायी उठून मानसानं पाय ठेवायचा कशावर? तिथं खाली जमीनच नाई." दिनूचा जीव वडिलांवर आहे, हे मला माहीत आहे. पण पुण्यात बसून असोद्याच्या भिंतीवर हुकूम सोडणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्याला वाटत होतं, म्हाताऱ्याच्या अंगावर भिंत पडेल. मला वाटत होतं, म्हातारा चौथ्या मजल्यावर जाऊन वाळेल. दोघांचंही खरं होतं, आणि मध्ये दीड महिना होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. खापरावरची पुरणपोळी, आमरस, निंबाला झोके. त्या वर्षी मी सोबत मिस्त्री घेऊन गेले. सुपडू मिस्त्री मूळचा पिंपळनेरकडचा, धुळ्यात आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीचे खांब त्यानं सावरले होते. पन्नाशीचा, सडपातळ, बोलायला कमी आणि ऐकायला जास्त. म्हणजे भिंतीचं ऐकायला. नानांनी त्याला आधी टोपीपासून पायांपर्यंत नीट न्याहाळलं. मग सुपडूनं घराभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "नाना, घर चांगलं शे."

"शे का?" नाना म्हणाले. "शे तर मंग शेच." त्याच्या अहिराणीची त्यांनी अशी टोपी उडवली, पण कौतुक केलेलं त्यांना आवडलं होतं. लगेच पायाची गोष्ट सुरू झाली. सुपडूनं ती उभ्या उभ्या पूर्ण ऐकली. असा श्रोता नानांना कित्येक वर्षांत भेटला नव्हता.

पितरांची घागर भरून झाली आणि दुसऱ्या दिवशी कुदळ पडली. शेजारच्या बायकांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, गच्चीवर वाळत होते. धूळ उडाली तशी वरून आरडाओरड झाली, सुपडूच्या दोन गड्यांनी पाणी शिंपडून धूळ बसवली आणि दोन बिबडे भाजून त्यांच्या हातावर आले. सुपडूची पद्धत अशी की आधी चारही कोपऱ्यांना लहान खड्डे घ्यायचे, पाया दिसला की त्यावर हातोडी मारायची आणि कान लावायचा. पहिल्या कोपऱ्यावर हातोडी पडली. टण्ण! दुसऱ्यावर, तिसऱ्यावर तसंच. नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक आवाजाला त्यांची मान हलत होती, गवयाला दाद द्यावी तशी. मग सुपडू मागं, केळीकडच्या कोपऱ्याला गेला. तिथला आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आला.

मी बाहेर धावले. खड्ड्यात उतरून पाहिलं तर ओल होती. वैशाखात, विहिरींचे तळ उघडे पडतात तेव्हा, आमच्या पायाशी हाताला चिखल लागत होता. केळीची पांढरी मुळं काँक्रीटच्या अंगावर पसरली होती. सुपडूनं बोटानं कोपरा दाबला आणि त्याचा चुरा तळहातावर घेऊन मला दाखवला. आतली सळई गंजून फुगली होती, पापुद्रे सुटत होते.

"ताई, हाई दखा," तो म्हणाला. "तीन कोपरा पक्का शेतस. घंटीसारखा वाजतस. रोग बठ्ठा आठेच शे. पाणीनी खादं." सगळा रोग या एकाच कोपऱ्यात होता, पाण्यानं खाल्लेला. मग त्याला भिंतीतलं बुजवलेलं जुनं भोक दिसलं. "मोरी आठेच व्हती का? कोनी काढी?"

"मायनं," मी म्हणाले. सहज म्हणाले. जीभ चावायला हवी होती.

सुपडू हसला. माणूस वाईट नव्हता, थट्टेनंच बोलला. "मंग घर मायनीच खादं म्हना!"

मागं पाहिलं तर नाना उभे होते. खुर्चीवरून उठून कधी आले ते कळलं नाही. मला वाटलं, आता चाळीस वर्षांची बाकी निघणार. "मी सांगतलं होतं, पायाशी पाणी नको म्हणून," हे वाक्य म्हणायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. गल्लीनं त्यांना हसून घेतलं होतं. त्यांनी खड्ड्यात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पान्यानं नाई. मालच कच्चा होता माहा."

सुपडू बघत राहिला. "नही नाना, माल तुमना चोख शे. ते तीन कोपरा..."

"तुले काय मालूम? पाया टाकला मी. रेती धुयेल नव्हती त्या वक्ताले. घाई होती." आणि वळून घरात गेले.

मी तिथंच उभी राहिले. माझे वडील नाकावर माशी बसू देत नाहीत. गावात कुणी त्यांच्या पायाबद्दल अर्धा शब्द वाकडा बोललं असतं तर त्यांनी त्याच्या दारात पाणी प्यायचं सोडलं असतं. आणि रेती धुतली होती. मी होते ना तिथं! टिपाच्या काठावर माझी नी मायची चार मनगटं टेकलेली होती, ती मला दिसत होती.

संध्याकाळी दिनूचा फोन आला. मी बोलायच्या आत नानांनी फोन मागून घेतला आणि त्यालाही तेच सांगितलं. चारी बाजूंची रेती कच्ची होती, सगळा पायाच तसा. मग फोन माझ्याकडे आला. मिस्त्रीनं हातोडी मारून तीन कोपरे पक्के सांगितले, एवढं मी म्हणाले. दिनू म्हणाला, "ताई, ज्यानं पाया घातला तोच सांगतोय, मग मिस्त्रीच्या हातोडीला काय घेऊन बसायचं? तो एक कोपरा करून घे, घर पडायला नको. पण नानांना तिथं ठेवायचं नाही. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. त्यांची बॅग भरून ठेव."

पुढच्या आठवडाभरात मी तीन वेळा त्याला फोन लावायला घेतला आणि तिन्ही वेळा ठेवून दिला. मला एवढंच सांगायचं होतं की रेती चांगली होती, चौथा कोपरा केळीच्या पाण्यानं गेला. ते सांगितलं असतं तर नाना घरात राहिले असते. पण आमची माणसं मला माहीत आहेत. हे एकदा बोललं गेलं असतं तर ते लग्नामुंजीत, पंगतीत, माझ्या नातवंडांपर्यंत गेलं असतं: मायच्या केळींनी घर खाल्लं. कुणी वाईट मनानं म्हटलं नसतं. सुपडूनं म्हटलं तसंच, हसत. आणि नानांना तेवढंही सहन होणार नव्हतं. बायकोचं नाव राखायला ते स्वतःच्या पायाचं नाव घालवत होते आणि वर घरही सोडायला निघाले होते. मला त्यांचा राग येत होता, आणि त्या रागातच त्यांच्याविषयी इतकं प्रेम दाटून यायचं की मी उगाचच त्यांच्याशी ताटावरून भांडायचे.

केळी काढाव्या लागल्या. एकीला घड होता, अजून कोवळा. सुपडू म्हणाला, चार दिवस थांबलो तरी घड भरणार नाही, आणि खड्डा उघडा ठेवणं बरं नाही. नानांनी मान हलवली. कोयता त्यांनी स्वतः मारला. केळीचं खोड कापायला जोर लागत नाही, पाण्यानंच भरलेलं असतं ते. एका घावात आडवं. कंद उकरले तेव्हा गल्लीतल्या बायका एकेक करून आल्या. आम्हाला द्या, आमच्या मागं लावते, म्हणून पदरात घेऊन गेल्या. कच्च्या केळ्यांची भाजी झाली आणि तळलेले काप सगळ्या गल्लीत गेले. स्वयंपाकघरातला हिरवा उजेड मात्र त्या दिवशी गेला. ओट्यावर पांढरं ऊन आलं, आणि मला ते घर क्षणभर परक्याचं वाटलं.

मग काम वेगानं झालं. तुळईखाली लोखंडी टेकू लागले, खांबाचा भार त्यांच्यावर गेला. सडलेलं काँक्रीट छिन्नीनं काढलं, ते टोपलीभर वाटलं होतं, निघालं अंगणभर. गंजलेल्या सळया तारेच्या ब्रशनं घासून पांढऱ्या केल्या, त्यांना औषध लावलं, शेजारी नव्या सळया बांधल्या. या सगळ्या वेळी नाना खुर्ची खड्ड्याच्या काठावर आणून बसलेले. सुपडूनं त्यांना एकदाही दूर व्हा म्हटलं नाही. रेतीचा ट्रॅक्टर आला तेव्हा तर तो स्वतः मूठभर रेती घेऊन त्यांच्यापुढं आला. नानांनी ती धोतराला पुसली. धोतर मळलं.

"धुवा लागीन," नाना म्हणाले.

"धुसूत, नाना," सुपडू म्हणाला, आणि गड्यांना टीप भरायला सांगितलं. मीही हात घातला. पन्नाशी ओलांडलेल्या बाईची बोटं तशीही सुरकुतलेलीच असतात, दाखवायला शाळाही नव्हती. पण थंड पाण्याखाली रेती बोटांतून सरकते तेव्हा जे वाटतं ते तिसरीतलंच होतं. मला मायची फार आठवण आली. समोर नाना बसले होते आणि त्यांचंही लक्ष टिपाकडेच होतं.

सळयांभोवती फळ्या ठोकल्या आणि गुरुवारी माल पडला. दुसऱ्या दिवशी फळ्या काढून कोपऱ्याला गोणपाट गुंडाळलं. ते ओलं ठेवायचं काम नानांनी मागून घेतलं. नवं काँक्रीट पाण्यावाचून तडकतं. चांगला पाया खायलाही पाणी लागतं आणि घडायलाही. मागच्या नळाला एक लांब हिरवी नळी होती. पूर्वी सुट्टीत आले की ती मी बघत असे, पण अंगण धुवायची असेल असं समजून मी कधी विचार केला नव्हता. ती नळी घेऊन नाना स्टुलावर बसत आणि गोणपाटावर बारीक धार धरत. हातात नळी आली की त्यांचा चेहरा बदलत असे. कुणीतरी समोर बसलं आहे आणि आपल्याला बोलायची घाई नाही, असा काहीसा चेहरा. आतून पाहताना मला कसंसंच व्हायचं आणि का ते उमगायचं नाही.

रविवारी सकाळी दिनू आला. पुण्याहून रात्रीच निघालेला, डोळे लाल. दारातली भरलेली बॅग बघून चहा न घेताच मागं आला. मी त्याच्या मागं. सुपडू खड्ड्यात माती-मुरूम भरून धुमसाचे शेवटचे ठोके घालत होता. नाना स्टुलावर, हातात नळी. दिनूनं गोणपाट वर करून कोपरा पाहिला, दाबून पाहिला.

"हा झाला चांगला," तो म्हणाला. "पण बाकीचे तीन? तेही कधीतरी जाणारच. सगळे खोलायचे तर घरच पाडावं लागेल."

"तिन्ही कोपरा पक्का शेतस, भाऊ," सुपडू न राहवून म्हणाला.

"पण नाना तर म्हणतात, रेतीच कच्ची होती."

नानांनी मान खाली घातली होती. मायचं नाव मला घ्यायचं नव्हतं, आणि नाना जायला मला नको होते. जेवढं मला नक्की माहीत होतं तेवढंच मी बोलले. "नाना, रेती धुतली होती. मी होते तिथं. माय होती."

माय हा शब्द आला आणि नानांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग दिनूकडे.

"धुतली होती," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "पाया पक्का होता. पान्यानं गेला. पन तुमच्या मायच्या पान्यानं नाई गेला, ध्यानात ठेवा दोघंबी. मोरी गटारीले जोडली तवापासून ती तांब्यानं घाले केयीले. सकायी एक, संध्याकायी एक. तेवढ्यानं पाया नाई जात. मी सांगतो, मी पान्याचीच नोकरी केली." त्यांनी हातातली नळी थोडी वर धरून दाखवली. नळीचं पाणी गोणपाटावरून ओघळत होतं. "ही नयी मी आनली. ती गेल्यावर. रोज केयीत सोडून बसे खाटेवर. पानावर पानी पडलं की आवाज ये, बरं वाटे. बंद करायचं ध्यानच नाई राहे मले. सहा वर्षं."

दिनूनं तोंड फिरवलं. मला रडू आवरेना, मी आवरलंही नाही. सुपडूनं धुमस खाली ठेवलं आणि टोपी काढून घाम पुसत राहिला.

मग दिनू नानांच्या शेजारी जमिनीवर, ओल्या मातीतच, पुण्याच्या कपड्यांनिशी बसला. "हे पाणी किती दिवस मारायचं असतं?" त्यानं विचारलं.

"एकवीस," नाना म्हणाले. "आज तिसरा हाये."

दिनूनं त्यांच्या हातातली नळी घेतली, धार थोडी बारीक केली आणि गोणपाटाच्या सुकलेल्या कडेवर धरली. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, मग बॅग कशाला भरून ठेवलीस? अजून अठरा दिवस पाणी कोण मारणार इथं?"

मी आत गेले आणि नानांचे कपडे बॅगेतून काढून पुन्हा फळीवर ठेवले.